मदत हवी आहे: कार्डाबाहेर काढलेला बॅज कापला जातोय

मंडळी, सीएसएसमध्ये (वेबपानाची मांडणी-सजावट ठरवणारी भाषा) अडकलोय. पानावरच्या प्रत्येक कार्डाच्या (फोटो असलेली चौकट) उजव्या कोपऱ्यात ‘नवीन’ असा बॅज (छोटी पट्टी) हवाय. आधी बॅजला नुसतं पोझिशन ॲब्सोल्यूट (नेहमीच्या क्रमातून काढून ठरावीक जागी बसवणं) दिलं, तर सगळे बॅज पानाच्या कोपऱ्यात एकावर एक चढले! कार्डाला पोझिशन रिलेटिव्ह (कार्ड जागेवरच, पण आतल्या बॅजची जागा त्याच्यावरून मोजायची) दिल्यावर आपापल्या जागी आले. म्हणजे ॲब्सोल्यूट घटक पोझिशन दिलेला जवळचा पूर्वज (ज्याच्या आत तो आहे तो घटक) धरतो, इथवर डोक्यात शिरलं.

आता बॅज अर्धा बाहेर डोकावायला हवा, म्हणून टॉप (वरच्या कडेपासूनचं अंतर) उणे १२ पिक्सेल केलं. तर तेवढा भाग गायब. फोटोचे कोपरे गोल राहावेत म्हणून कार्डाला ओव्हरफ्लो हिडन (कडेबाहेर जाणारा भाग कापून टाकणं) आहे. ते काढलं की फोटो चौकोनी.

गोलाई थेट फोटोलाच द्यावी, की कार्डाबाहेर आणखी एक डिव्ह (गुंडाळायचा साधा डबा) घालून रिलेटिव्ह त्याला द्यावं? यादीत २०० कार्डं आहेत, त्यामुळे जास्तीचे डिव्ह जिवावर येतात. तुम्ही काय करता?