ट्रंक घरी आली, त्यानंतर…

आमच्या माळ्यावर एक काळी पत्र्याची ट्रंक आहे. झाकणावर पांढऱ्या रंगात वडिलांचा नंबर, हुद्दा, नाव आणि खाली '५६ ए.पी.ओ.', म्हणजे फौजेच्या टपालाचा पत्ता. १९६८ साली, अठराव्या वर्षी, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरवर भरती झाले. डिसेंबर १९७१ मध्ये, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढलेल्या जंगी पलटणीत ते होते. १९९६ ला सुभेदार म्हणून पेन्शनवर आले, तेव्हा ही ट्रंक एस.टी.च्या टपावरून घरी आली.

दर १५ ऑगस्टला गावात माजी सैनिकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. यंदा मीही होते. वडील पहिल्या रांगेत, छातीवर मेडल. आई मागे, शाळेच्या व्हरांड्यात बायकांबरोबर उभी. ते फौजेत होते त्या २८ वर्षांत साडेतीन एकर कोरडवाहू रान, दोन म्हशी, सासू-सासरे आणि आम्ही तिघं पोरं तिच्याच गळ्यात होतो. सोसायटीचं कर्ज तिनं फेडलं, आजोबांचं शेवटचं दुखणं तिनं काढलं. माईकवर तिचं नाव आजवर कुणी घेतलेलं नाही. गाव सत्कार मनापासून करतं, राग कुणाचाच नाही. पण त्या दिवसापासून ही गोष्ट मनातून जात नाही.

आमच्याच सातारा जिल्ह्यात आपशिंगे आहे, मिलिटरी आपशिंगे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक तिथं आहे. पुढच्या मिरगात त्या घरांतली पेरणी कुणी केली असेल, हा विचार मला तिथं गेलं की हटकून येतो.

म्हणून हा धागा. फौजी घरी नसताना घर कसं चाललं, आणि तो परत आल्यावर काय झालं, ते लिहा. लढाईचंही चालेल. पण चुलीपाशी काय झालं ते आधी सांगा.

माण तालुका, फौजी घरातली सून

माझ्या सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. सासरे महार रेजिमेंटमध्ये, ट्रेनिंग मध्य प्रदेशात सागरला, मग कुठं कुठं. पत्र आलं की पोस्टमन ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचा आणि निम्मी आळी ऐकायची. त्यामुळे सासऱ्यांच्या प्रत्येक पत्रात तेच: 'मी इकडे खुशाल आहे, म्हातारीला औषध वेळेवर द्या, बैलाला पेंड घाला.' बायकोला म्हणून जे लिहायचं ते चारचौघांत वाचलं जाणार, मग लिहिणार काय?

उत्तर शेजारची सातवीतली मुलगी लिहायची. माझे मिस्टर जन्मले तेव्हा सासूबाईंनी तिला म्हटलं, आज तू काही लिहू नकोस. कुंकू पाण्यात कालवलं, बाळाचा पाय त्यात बुडवला आणि आंतरदेशीय पत्रावर उमटवला. पत्ता तेवढा त्या मुलीनं घातला. सासऱ्यांनी मुलाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो चौदा महिन्यांचा होता आणि त्यांना बघून भोकाड पसरत आजीच्या मागं लपला. ते पत्र मात्र त्यांनी नोकरीभर जपलं. घड्यांवर फाटलं होतं, मागून चिकटपट्टी लावली होती. सासरे गेले तेव्हा सासूबाईंनी ते त्यांच्याबरोबर दिलं.

बुलढाणा, माजी नायक

मी १७ वर्षं नोकरी करून छत्तिसाव्या वर्षी घरी आलो. लोकांना वाटतं पेन्शन म्हणजे म्हातारा माणूस. जवान लवकर सुटतो. पोरं शाळेत, घराचं बांधकाम अर्धं आणि हाताला काम नाही.

खरं सांगतो, पहिलं वर्ष मी घरात पाहुणा होतो. पोरं सहलीला जायचं तर आईला विचारायची, सही आईची घ्यायची. मी समोर बसलेला असायचो. मग मी आवाज चढवायला लागलो. पाचला उठा, बिस्तरा असा घाला, ताटात उष्टं टाकू नका. एक दिवस धाकटी जेवता जेवता रडायला लागली. बायको तेव्हा काही बोलली नाही. रात्री पोरं झोपल्यावर म्हणाली, "अहो, ही पलटण नाही. तुम्ही वर्षातून दोन महिने यायचे, तेव्हा आम्ही तुमच्या तालावर चालायचो. आता तुम्ही कायमचे आलात. जरा आमचाही ताल बघा."

मी चिडलो होतो, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी पोरीची वेणी घालायला बसलो. जमली नाही. ती वाकडी वेणी तिनं दिवसभर शाळेत तशीच ठेवली. आता मी बारा तासांच्या ड्युटीवर सुरक्षारक्षक आहे. काम प्रामाणिक आहे, लाज नाही. फौजीचा मान ठेवायचा असेल तर सुटून आल्यावर दोन-तीन वर्षं त्याच्या घरात कुणीतरी डोकावत जा. सगळ्यात अवघड पोस्टिंग तीच असते.

कोल्हापूर जिल्हा, वीरपत्नी

दादा, तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

माझे मालक २००३ ला काश्मीरमध्ये गेले. मी तेवीस वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. अंत्ययात्रेला पंचक्रोशी लोटली होती, घोषणांनी कान बधिर झाले होते. तेराव्यानंतर अंगणात कुत्रंसुद्धा नव्हतं.

मग कागद सुरू झाले. पलटणीच्या रेकॉर्डला माझं नाव माहेरचं, रेशन कार्डावर सासरचं आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. एका कार्यालयात मला चार वेळा परत पाठवलं. एक साहेब फाईलवरची मान वर न करता म्हणाले, "पुरुष माणूस घेऊन या." माझा पुरुष माणूस गेला म्हणून तर मी तिथं आले होते, हे मला त्यांना सांगता आलं नाही. रस्त्यावर येऊन रडले.

शेजारच्या गावचे एक रिटायर्ड सुभेदार होते. माझ्या मालकांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. ते सकाळच्या एस.टी.नं यायचे, पिशवीत झेरॉक्स, फोटो, स्टॅम्प पेपर. प्रतिज्ञापत्र, गॅझेट, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, बँक, सगळीकडे बरोबर आले. चहाचे पैसेसुद्धा मला देऊ दिले नाहीत. पण बोलायला मात्र मलाच पुढं करायचे. "उद्या मी नसेन, तुला यायला पाहिजे," म्हणायचे. आज आमच्या भागातल्या बायकांचे पेन्शनचे कागद मी बघते.

आणखी एक. एकोणीस वर्षं मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. भाषणात 'वीरपत्नी', आणि संक्रांतीला दारावरून पुढं. मे २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, मग शासनानंही इतर गावांना तसं करायला सांगितलं. ठरावानं मन बदलतं असं नाही. पण आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीला निमित्त मिळालं. पुढच्या संक्रांतीला ती स्वतः कुंकवाचा करंडा घेऊन माझ्या दारात आली. सरकारी चेकपेक्षा तो करंडा मला जड वाटला, खोटं नाही सांगत.

कर्नल संतोष महाडिक २०१५ ला काश्मीरमध्ये लढताना गेले आणि त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ ला लष्करात लेफ्टनंट झाल्या, तेव्हा मी मुलाला शेजारी बसवून ती बातमी वाचली होती. सगळ्यांना तसं जमत नाही. मला माझ्या गावात उभं राहायचं होतं, मी राहिले.

पुणे, निवृत्त शिक्षिका

खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मणक्याला इजा होऊन कमरेखाली किंवा मानेखाली हालचाल गेलेले जवान तिथं राहतात. आम्ही मैत्रिणी भाऊबिजेला ओवाळायला जातो. पहिल्या वर्षी मी ताम्हण धरून रडायलाच लागले. एक जवान म्हणाला, "ताई, फराळ गरम आहे का ते सांगा आधी." त्यानंतर मी तिथं रडले नाही.

दातात ब्रश धरून चित्र काढणारे हात नव्हे, माना मी तिथं पाहिल्या. व्हीलचेअरवरचं बास्केटबॉल पाहिलं. चाकाला चाक धडकतं, माणूस खाली पडतो, स्वतःच्या जोरावर परत चढतो. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं.

तिथं जायचं असेल तर आधी परवानगी घ्या. आणि फोटो काढायला म्हणून जाऊ नका, गप्पा मारायला जा. वेळ भरपूर काढून जा.

अहिल्यानगर, मुलगा

माझं थोडंसंच, पण उपयोगाचं. फौजेची पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन व्यवस्थेतून येते, तिला दर वर्षी हयातीचा दाखला लागतो. वडिलांच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटेनात. रिटायर झाल्यावर वीस वर्षं कांद्याच्या रानात राबले, रेषाच झिजल्या. केंद्रावरचा पोरगा पुन्हा पुन्हा बोट दाबायला लावत होता आणि वडील 'सॉरी साहेब' म्हणत होते, ते मला बघवेना. आता चेहरा दाखवून मोबाईलवरच दाखला होतो. ज्यांना जमतं त्यांनी नोव्हेंबरात आपल्या गावातल्या चार म्हाताऱ्या फौजींचं आणि त्यांच्या विधवांचं एवढं काम करून द्या. अर्धा तास लागत नाही.

पिंपरी, बहीण

पुणे स्टेशन, झेलम एक्स्प्रेस, संध्याकाळ. भावाची सुट्टी संपली की आम्ही सगळे पोचवायला. आई डब्यात धपाटे द्यायची, बारा जणांना पुरतील एवढे, कारण शेजारच्या बाकांवरही कुणाची तरी पोरं असायची. गाडी हलली की ती गाडीकडे पाठ करायची. तिला जाताना बघायचं नसे. भाऊ सुखरूप रिटायर झाला, पण अजूनही त्या गाडीची घोषणा ऐकली की माझ्या पोटात खड्डा पडतो.

पुन्हा मी, सातारा

तुम्ही लिहिलेलं सगळं काल रात्री आई-वडिलांना वाचून दाखवलं. कुंकवाच्या पावलापाशी वडिलांनी मला थांबवलं. उठले, मला माळ्यावर चढायला लावलं आणि ट्रंक खाली घेतली.

आत ब्लँकेट, दोन मग, ब्रासोचा गंजलेला डबा आणि तळाशी सुतळीनं बांधलेला गठ्ठा. मनीऑर्डरच्या पोचपावत्या. पैसे मिळाले की घरून जी पावती त्यांच्याकडे परत जायची, त्या सगळ्या त्यांनी ठेवल्या होत्या. वडिलांनी त्या तारीखवार जमिनीवर मांडल्या. सुरुवातीच्या पावत्यांवर जांभळा अंगठा. आईचा. बऱ्याच पावत्यांवर तसंच. मग १९७९ च्या श्रावणातल्या एका पावतीवर अंगठा नाही, सही. अक्षरं एकमेकांपासून लांब लांब, शेवटचं अक्षर रेघेच्या खाली घसरलेलं.

"ही आली तेव्हा मला वाटलं, पैसे दुसऱ्याच कुणी घेतले," वडील म्हणाले. "मी लगेच पत्र टाकलं होतं."

आई सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "आलं होतं. तेच पत्र मी पहिल्यांदा माझं मी वाचलं."