अनुभव धागा: जपानच्या झोपाळू गावातल्या रात्री

कंदीलवाली
माळ्यावरून आकाशकंदील काढला आणि हाचिनोहेचे लाल कंदील आठवले. आओमोरी प्रांतातलं गाव, दिवस मावळला की मोठ्या रस्त्यावर शुकशुकाट. रस्ता सोडा, खाण्यापिण्याचे बोळ बघा. आठ आहेत. सोपा म्हणजे मिरोकु योकोचो (योकोचो म्हणजे बोळ), २००२ चा. मिक्कामाची (नावात ३ तारीख) ते मुइकामाची (६ तारीख) या पेठांना जोडतो, म्हणून मि-रोकु, तीन-सहा. पंचवीसेक टपऱ्या, एकीत जेमतेम आठ माणसं. शिंकान्सेनच्या स्टेशनाबाहेर शोधू नका, तिथे काही नाही! लोकलने होन-हाचिनोहेला उतरा, पुढे पायी. परतीची शेवटची गाडी आधीच बघा, मुंबईची सवय नडते.

बोळभटक्या
मिरोकु ठीक, पण खरी मजा 'सुनाक्कु'त, म्हणजे मालकीणबाई चालवतात त्या छोट्या बारमध्ये. बिनखिडकीचं दार, आतून कराओके. दार अर्धं उघडायचं, किती जण ते बोटांनी दाखवायचं, आत ये म्हटलं तरच जायचं. बसायच्या आधी विचारा, "सेत्तो इकुरा देसु का?" म्हणजे बसण्याचे ठरलेले पैसे किती. साधारण २००० ते ४००० येन, त्यात बर्फ, पाणी, सुका खाऊ. गाण्याचे, मामासानला (मालकिणीला) पाजलेल्या पेल्याचे पैसे वेगळे असू शकतात. न विचारता बसलं की बिल बघून घाम. दारावर 'काइइनसेइ' असेल तर फक्त सभासदांना. पाटी वाचायला फोनचा भाषांतरवाला कॅमेरा धरा.

पिठलंभात
न मागता वाटी येते ती फुकट नाही हं! ओतोशी. ३००-५०० येन, जागेचं भाडंच समजा. परत पाठवू नका.

कंदीलवाली
@पिठलंभात 😂 यावरूनच भांडणं होतात

शाकाहारी_तरी_जाणार
आम्ही काय खायचं?

पिठलंभात
एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा. हियायाक्को म्हणजे गार टोफू, पण वर सुक्या माशाचा कीस असतो, "कात्सुओबुशी नुकि दे" सांगा. बटाट्याच्या सॅलडमध्ये बहुतेकदा हॅम. रश्शात दाशी असतेच, म्हणजे पुन्हा मासा. सेन्बेइ-जिरु (कुरकुरीत सेन्बेइ घातलेला रस्सा) इथली खासियत, पण त्यातही कोंबडी. थोडक्यात, खाऊन जा.

गिअर_न्यूट्रल
भाड्याची गाडी असेल तर एक थेंबही नको. लिटरभर श्वासात ०.१५ मिग्रॅ अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पाजणारा आणि शेजारी बसणाराही अडकतो. छोट्या गावांत 'दाइको' असते, दोघे येतात, एक तुमची गाडी चालवतो, दुसरा त्यांची मागून आणतो. दुकानदारालाच फोन करायला सांगा.

आज्जीचा_नातू
टीप किती?

बोळभटक्या
शून्य. ठेवलीत तर पैसे विसरलात म्हणून मागे धावत येतील. रोख मात्र हवी, कार्ड सगळीकडे चालत नाही.

कंदीलवाली
दुसऱ्या दिवशी रविवार असेल तर झोपूच नका. तातेहाना धक्क्यावर पहाटेचा बाजार, मार्चच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर बंद. गरम रस्सा तिथेच प्या.

शाकाहारी_तरी_जाणार
परत रस्सा!! 😭