झाकण उघडू नका! (घरी कूलंट भरतानाचे अनुभव)

वाऱ्यावरची_वही
सकाळी खाली उतरले तर शेजारच्या काकांनी बॉनेट उघडलेलं. नुकतेच कुठूनसे आलेले, इंजिन तापलेलं, आणि हे हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार. मी एवढ्या जोरात "काका, नको!" ओरडले की वरच्या दोन खिडक्या उघडल्या.

बाबांचं आठवलं. मी ९ वर्षांची असेन. चढावर तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला, गाडी कडेला घेतली. बाबांना घाई. फडकं टाकलं आणि झाकण फिरवलं. पुढचं मला फक्त आवाज म्हणून आठवतं. मनगटापासून कोपरापर्यंत हात सोलवटला. नंतर ते भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचेच शर्ट घालायचे, आणि घरात कुणी कधी विचारलं नाही का ते.

आता मी महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी गार असताना कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, टाकी बघते. मिन आणि मॅक्सच्या रेघांमध्ये पातळी दिसली की झालं. गेल्या आठवड्यात मिनच्या बोटभर खाली होती, भरली. इतकंच काम, पण दरवेळी झाकण फिरवताना तोंड आपोआप बाजूला जातं. तुमचेही असे काही किस्से असतील तर लिहा.

गॅसकेटगुरू
काकांना वाचवलंत. त्या झाकणाखाली साधारण १ बार जादा दाब असतो, म्हणून आतलं पाणी १२० अंशांपर्यंत गेलं तरी उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब गेला, आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन वर येतं. प्रेशर न उतरवता कुकरचं झाकण ओढण्यातलाच प्रकार. फडक्याने काही होत नाही, उलट तेच भिजून हाताला चिकटतं.

निवांत
बापरे. बाबा कसे आहेत आता?

वाऱ्यावरची_वही
मजेत. ७८ वर्षांचे आहेत, शेजारी बसून अजून मला गाडी शिकवतात.

चिमणीचे_घर
आमच्या अहोंनी काच धुवायचं निळं पाणी कूलंटच्या टाकीत ओतलं. झाकणावर चित्र असतं हो, काच आणि फवारा! मी विचारलं, चित्र बघितलंत का? तर म्हणे बघितलं, पण ते दुसऱ्या टाकीवर होतं, इथे काहीच नव्हतं म्हणून हीच असेल. यावर काय बोलणार.
इंजिन चालू केलं नव्हतं हे नशीब. मोठ्या सिरिंजने टाकी उपसली, दोनदा धुतली, मग नवं भरलं. सिरिंज अजून गॅरेजमध्ये लटकवून ठेवली आहे, अहोंना दिसेल अशी.

खटारा
हाहाहा शेवटची ओळ

रिकामी_डिकी
माझ्यात हिरवं होतं, मिळालं लाल. म्हटलं थोडंसंच तर घालायचंय. दोन महिन्यांनी टाकीच्या तळाशी चिखलासारखा गाळ. रेडिएटर फ्लश करून सगळं बदलावं लागलं. मिसळायचं नसतं हे मला कुणी सांगितलं का नाही??

गॅसकेटगुरू
@रिकामी_डिकी गोची रंगाची नाहीच. रंग प्रत्येक उत्पादक आपल्या मर्जीने घालतो. आत गंज रोखणारी रसायनं कोणत्या जातीची आहेत ते महत्त्वाचं. दोन जातींचं एकमेकांशी जमलं नाही की असा गाळ होतो. दोन्ही गुलाबी असून न जमणारी असू शकतात, आणि रंग वेगळे असून चालणारीही. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तोच घ्या.

उशिरा_येणारी
घाईत लिहितेय, मुलाला शाळेतून आणायचंय. डब्यावर कॉन्सन्ट्रेट लिहिलंय, मी पाणी न घालता तसंच ओतलं. दाट म्हणजे जास्त चांगलं ना?

गॅसकेटगुरू
उलट. कॉन्सन्ट्रेट म्हणजे मुख्यतः ग्लायकॉल, ते पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं. आणि गंमत म्हणजे निव्वळ ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं, निम्मं पाणी घातलं की उणे ३७ पर्यंत टिकतं. आधी थोडंसंच घातलं असेल तर घाबरू नका, पुढच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घालून प्रमाण जुळवा. नळाचं नको, त्यातले क्षार आत जाऊन बसतात.

उशिरा_येणारी
थोडंसंच घातलं होतं. हुश्श. धन्यवाद

मांजरपाट
विषय थोडा वेगळा आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कूलंट भरताना माझ्या हातून थोडं जमिनीवर सांडलं. पुसतो नंतर म्हणून वर गेलो, फोन आला, विसरलो. आमची बोकी त्यातून चालत गेली असावी. संध्याकाळी ती झिंगल्यासारखी चालत होती, आम्ही हसलो. व्हिडिओही काढला. दुसऱ्या दिवशी तिने खाणंपिणं सोडलं. डॉक्टरांकडे नेईपर्यंत किडन्या गेल्या होत्या. ते म्हणाले, यावर उतारा आहे पण तो पहिल्या काही तासांत द्यावा लागतो.

नंतर वाचलं. कूलंट गोडसर लागतं म्हणून कुत्री चाटतात. मांजरांना गोड कळत नाही, पण पंजाला लागलं की ती अंग चाटून साफ करतात. चमचाभरही पुरतं. तो व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे. पुसवतही नाही, बघवतही नाही.

निवांत
वाईट वाटलं खूप. तुम्हाला माहीत नव्हतं हो.

चिमणीचे_घर
किती वर्षांची होती?

मांजरपाट
४. भाजीच्या टोपलीत झोपायची.

वाऱ्यावरची_वही
@मांजरपाट वाचून गॅरेजमध्ये जाऊन आले. मागच्या आठवड्यातला एक डाग राहिला होता. साबणाने धुतला.

थंडगार
कूलंट सतत कमी होत असेल तर नुसतं भरत राहू नका. मी तेच केलं. दर रविवारी कपभर. बायको म्हणायची तू गाडीला पाणी पाजतोस की झाडाला. जमिनीवर एक थेंब नाही, म्हणून मी निर्धास्त. शेवटी मेकॅनिककडे नेली. तो म्हणाला, "दादा, कूलंट संपत नसतं, कुठेतरी जात असतं." सायलेन्सरमधून पांढरा धूर, त्याला गोडसर वास, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय. हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली सीलची पट्टी, गेली होती. वास मला महिनाभर येत होता, मला वाटायचं पुढच्या गाडीचा.

पुढची_गाडी
माझा नव्हता हो

खटारा
@पुढची_गाडी हा आयडी आत्ता या प्रतिसादासाठी काढलास का?

पुढची_गाडी
२०१९ पासून आहे, आज कामाला आला.

लांबचा_पल्ला
आमचं वेगळंच. काटा वर चढत होता, अचानक खाली आला. आम्ही खूश, झालं बरं आपोआप. दोन किलोमीटरवर इंजिन गप्प. नंतर कळलं की पाणीच उरलं नव्हतं. सेन्सर पाण्यात असला तरच तापमान सांगतो, कोरडा पडला की तो तरी काय सांगणार. हेड वाकलं, इंजिन उतरवावं लागलं.
तेव्हापासून काटा चढायला लागला की मी एसी बंद करून हीटर फुल लावतो, खिडक्या उघडतो आणि जागा मिळाली की थांबतो. हीटरमुळे इंजिनची थोडी उष्णता आत येते. घरचे घामाघूम होऊन शिव्या देतात. देऊ देत.

जुना_गियर
माझ्या बीटलला रेडिएटरच नव्हता. हवेवर थंड व्हायची. तुम्ही लोक उगाच त्रास करून घेता.

निवांत
@जुना_गियर आणि आता कुठली चालवता?

जुना_गियर
आता रेडिएटरवाली :(

बॅटरीबाई
इलेक्ट्रिक घ्या, कटकट मिटली.

गॅसकेटगुरू
@बॅटरीबाई बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांतही बॅटरी थंड ठेवायला कूलंट असतं. आणि काहींना कमी वीज वाहणारं खास कूलंट लागतं, तिथे कुठलंही आणून ओतू नका.

बॅटरीबाई
काय सांगता. थांबा, पुस्तक शोधते. पुस्तक कुठेय तेच माहीत नाही.

आईचा_लाडका
मी आईचं स्वयंपाकघरातलं नरसाळं नेलं कूलंट भरायला. नीट धुवून परत जागेवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, नरसाळ्याला हिरवी कड कुठून आली रे? मी म्हटलं पालक. आमच्या घरी पालक नरसाळ्यातून जात नाही हे लक्षात यायला तिला दोन सेकंद लागले.

चिमणीचे_घर
हसून पडले. पण ते परत वापरलं नाही ना कुणी? विषारी असतं हो, वर वाचलंत ना.

आईचा_लाडका
नाही नाही, मोडून फेकलं. नवं आणून दिलं तर म्हणे जुन्याचं तोंड बरोबर होतं.

खटारा
आयांना जुन्या नरसाळ्याचंच तोंड बरोबर वाटतं. आमच्याकडे स्टीलचं आहे, मी शाळेत असल्यापासून.

आईचा_लाडका
स्टीलचं? बारीक मानेचं असतं का? फोटो टाक ना.

वाऱ्यावरची_वही
काका आत्ता वर येऊन गेले. मला वाटलं सकाळच्या ओरडण्याबद्दल बोलणार. तर म्हणाले, झाकण फार घट्ट बसलंय, उद्या सकाळी गाडी गार असताना तू ये उघडायला. फडकं मी आणतो.

खटारा
@आईचा_लाडका टाकतो रात्री, आत्ता त्यातून तेल गाळणं चालू आहे. खायचं तेल!