बेरीज शून्य, मग प्रकाशाला दिसतं काय?
ठाणेकर मित्राची शंका रास्त आहे: अँटिफेरोमॅग्नेटमध्ये, म्हणजे शेजारशेजारची चुंबकत्वं उलट दिशांना असलेल्या पदार्थात, चुंबकत्वाची बेरीज शून्य, मग प्रकाश मोजणार काय? मँगनीज बिस्मथ टेल्युराइड हा थराथरांचा स्फटिक घ्या. साधारण २५ केल्विनखाली एका थराचं चुंबकत्व वर, पुढच्याचं खाली. थरांची संख्या विषम असली की एकाचं चुंबकत्व उरतंच आणि परावर्तित प्रकाशाचं ध्रुवण (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा) किंचित वळतं. हा १८७७ चा केर परिणाम. वाशीत गॉगल घेताना पोलराइड काच मोबाइलसमोर फिरवून स्क्रीन काळी पडलेली पाहिली असेल. तपासायची युक्ती तीच, कोन मात्र फारच बारीक.

खरी गंमत सम संख्येच्या थरांची! बेरीज शून्य, तरी डावा आणि उजवा वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश (ज्याच्या कंपनाची दिशा डावीकडे किंवा उजवीकडे गोल फिरत राहते) वेगवेगळ्या प्रमाणात परावर्तित होतो. आरपार गेलेल्या प्रकाशात मात्र हा फरक नाहीच, त्यामुळे डिटेक्टर फिल्ममागे लावून बसलात तर हाती धुपाटणं.