ताठ्यापायी तुटलेली माणसं : तुमचे अनुभव सांगा

दर्यापूर तालुक्यातून, धागा सुरू करताना

पोळ्याला आमच्या गावात तोरणाखालून पहिली जोडी आमची निघायची. पणजोबांपासूनचा मान. मी सहावीत असताना गावातल्या जाणत्यांनी ठरवलं की दरवर्षी पाळीपाळीनं एकेका घराची जोडी पुढे काढायची. मान कोणी हिसकावत नव्हतं, वाटून घेऊ म्हणत होते. बाबा मारुतीच्या पारावर उभे राहून सगळ्यांदेखत बोलले, "माह्या बैलाइच्या आधी ज्याची जोडी निंगन, त्यानं माह्या दारात पाय ठेवू नये."

लोकांनी त्यांचा शब्द पाळला. भांडण झालं नाही, कोणी उलट बोललं नाही. त्या संध्याकाळी आई दारात बसून होती. पितळी ताटात हळद, कुंकू, तांदूळ, निरांजन. बैलांना चारायला पुरणपोळ्या, पाय धुवायला गुंडभर पाणी. जोडी घेऊन येणाऱ्या पोरांना बोजारा द्यायला तिनं एकेक रुपयाची नाणी ताटाच्या कडेला मांडून ठेवली होती. घुंगरमाळा वाजत शेजारच्या दारापर्यंत यायच्या आणि आमचं घर सोडून पुढच्या दारात थांबायच्या. दिवेलागण झाली, अंधार पडला. आईनं नाणी उचलून पदराच्या गाठीत बांधली आणि गुंडातलं पाणी तुळशीला घातलं. बाबा आत बाजेवर पडले होते. झोपले नव्हते.

मग विरजण मागायला येणाऱ्या बाया थांबल्या. वखर मागायला येणारे थांबले. बाबांना ती सुरुवातीला आपली जीतच वाटली. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आई तीन वर्षांमागे गेली, बैल विकले, वावर मक्त्यानं दिलं. सकाळी ओट्यावर बसतात. रस्त्यानं कोणी जाताना दिसलं की खाकरतात. जाणारा मान हलवतो आणि पुढे जातो.

गावात माणूस एकटा पडतो तो असा. कोणी तोडून टाकत नाही, लोक नुसतं येणं बंद करतात, आणि आपल्याला ते कळायला वर्षं लागतात. तुम्ही पाहिलेलं, सोसलेलं, केलेलं लिहा. कोणाचं नाव नको, गावही नको. दुसऱ्याचं सांगितलं तरी चालेल, पण स्वतःचं सांगता आलं तर मला जास्त मदत होईल. बाबांशी कसं बोलावं ते मला कळत नाही.

दारव्ह्याकडून, माजी सरपंच

स्वतःचंच सांगतो. २०१७ ला थेट जनतेतून सरपंच निवडायचं सुरू झालं, त्या पहिल्याच खेपेला मी निवडून आलो. त्याआधी सदस्य सरपंच निवडायचे, म्हणजे आठ-दहा जणांची मर्जी राखावी लागायची. मला वाटलं, मला अख्ख्या गावानं निवडलं, आता कोणाला विचारायचं काही कारण नाही. तिथंच माझं बिघडलं.

आमच्या ओसरीत सहा खुर्च्या होत्या. लोक आले की मी "बसा" म्हणत नव्हतो. मुद्दाम नव्हे, पण म्हणत नव्हतो. घरकुलाच्या यादीत नाव नाही म्हणून एक बुढी तीनदा आली. तिसऱ्या खेपेला मी मोबाइलमधून मान वर न काढता म्हटलं, "माय, रोज रोज येऊन का होते?" ती काही बोलली नाही. ज्या खांबाला टेकून उभी होती तो खांब तिनं पदरानं पुसला आणि गेली. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. आता तो खांब पाहवत नाही.

पद गेलं. पुढं दोन वर्षांनी आई वारली. मयतीला सारा गाव आला, आमच्याकडे मयत कोणी चुकवत नाही. तेरवीला चारशे पानांचा स्वयंपाक केला. सव्वाशे पानं उठली. वांग्याच्या भाजीचा गंज भरलेला होता आणि आचारी मला विचारत होता, "भाऊ, पोया अजून लाटाच्या का?" लोकांना वेळ नव्हता असं नाही. त्याच महिन्यात दुसऱ्या एका घरच्या तेरवीला पंगतींवर पंगती उठल्या होत्या. मयतीला लोक माझ्या आईसाठी आले होते. तेरवीचं आवतन मी दिलं होतं.

त्या बुढीचं घरकुल झालं, माझ्यामुळं नाही झालं. मी अधूनमधून तिच्याकडे जातो. ती चहा ठेवते, मला खाट टाकून देते. त्या दिवसाचं अजून माझ्या तोंडून निघालेलं नाही.

बुलढाणा जिल्ह्यातली, सध्या पुण्यात शिक्षिका

माझ्याकडे पैशाचा माज नव्हता, पदाचाही नव्हता. भाषेचा होता. घरातली पहिली बी.एड. मी. पुण्यात चार वर्षं काढून गावी गेले की आईला दर वाक्याला टोकायचे. "मले नाही आई, मला. काऊन नाही, का." भाऊ हसायचा, आईही हसायची. एकदा माझ्या शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या होत्या आणि आई त्यांना म्हणाली, "बसा बाई, मी पानी घेऊन येतो." आमच्याकडे बाया "येतो, जातो" असंच म्हणतात. मैत्रिणी एकमेकींकडे पाहून हसल्या. मी आईची बाजू घ्यायची सोडून त्यांच्याबरोबर हसले.

त्यानंतर आई फोनवर कमी बोलायला लागली. आधी अर्धा तास चालायचं: म्हैस व्याली, तुरीला फुलोरा आला, कोणाची सोयरीक कुठं जुळली. आता "हो", "बरं", "जेवलीस का". मला वाटायचं वय झालं. मग एक दिवस लक्षात आलं की फोन ठेवताना ती "ठेवतो" म्हणायची बंद झाली आहे. "ठेवते" म्हणते. एकेक शब्द जपून, परीक्षेला बसल्यासारखी. चुकू नये म्हणून माझी आई माझ्याशी बोलत नव्हती.

पुण्यात माझ्याशी कोणी वऱ्हाडीत बोलत नाही. रात्री ही खोली खायला उठते, आणि कानाला जे हवं असतं ते मीच खोडून टाकलं आहे.

हिंगणघाटकडून

थोडक्यात लिहितो, जास्त लिहवत नाही. भावाला त्याच्या वावरात जायला माझ्या धुऱ्यावरून वाट होती. एका शब्दावरून मी काट्या टाकून ती बंद केली. तो तहसीलदाराकडे गेला. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५, अडवलेली वाट मोकळी करून द्यायचं. ही कलमं मला आता पाठ आहेत. निकाल त्याच्या बाजूनं लागला, तर मी वर गेलो. पेरणीच्या दिवसांत त्याची बंडी (बैलगाडी) अडून राहिली की मला बरं वाटायचं, हे खोटं बोलत नाही. शेवटी कंटाळून त्यानं ते वावर विकलं आणि वर्ध्याला गेला. ज्यानं घेतलं त्याला मी वाट देतो. रोज त्याचा ट्रॅक्टर जातो. भावाच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका मला दुसऱ्याच्या घरी पाहायला मिळाली.

घाटंजीकडून (आईनं सांगितलं, मी टाइप केलं)

आमी बाया कापूस वेचाले जातो. एका वावरात लय वरसं गेलो. बुढा मालक व्हता तवर सीतादहीच्या (वावरातल्या पूजेच्या) दिवशी तोच आमाले हातानं दहीभात वाढे. पोरगा आला त त्याची तऱ्हा न्यारी. काट्यावर कापूस मोजला का किलोभर कापून घे, म्हने कवडी हाय, वला हाय. ते बी सोसलं. पन एका दिवशी ऊन लय व्हतं, पानी मांगलं त त्यानं दुरून वरून वंजळीत ओतलं अन मंग गिलास विसळून घेतला. आमी सात बाया व्हतो. कोनी काई बोललं नाई. रस्त्यानं घरी येताना बी कोनी बोललं नाई.

दुसऱ्या साली बोलवाले आला त म्हनलं, आमचं दुसरीकडं ठरलं. त्यानं भाव वाढवून देतो म्हनलं. आमी नाई म्हनलं. आजूबाजूच्या गावातल्या बायाइले बी मालूम व्हतं. कापूस पऱ्हाटीले लोंबत रायला अन मंग पानी आलं, सारा काळा पडला. आमाले आनंद नाई झाला. पिकाचं वाईट वाटलं.

भंडारा जिल्ह्यातून

सगळं वाचलं. एक गोष्ट इथं कोणीतरी लिहायला हवी म्हणून लिहितो. माजला, असं कोण कोणाला म्हणतं तेही पाहा.

माझा आजा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला होता, आज जिथं दीक्षाभूमी आहे त्या मैदानावर. परत आल्यावर त्यानं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं आणि "जोहार" म्हणायचं सोडलं. तोवर तो गावाच्या लेखी भला माणूस होता. त्या दिवसापासून "माजला". काम बंद झालं, दुकानातून माल मिळणं बंद झालं. आजी पायी चालत दुसऱ्या गावाहून मीठ-मिरची आणायची. आजा कोणाला तुच्छ लेखत नव्हता. त्याला फक्त वाकायचं नव्हतं. आणि तो एकटा पडला नाही, आमची सारी वस्ती त्याच्या मागं उभी राहिली. संध्याकाळी त्याच्या अंगणात वंदनेला माणूस मावत नसे.

ताठ मान आणि ताठा यांना एकाच तराजूत तोलू नका, एवढंच म्हणणं.

दर्यापूर तालुक्यातून (धागा सुरू करणारा)

दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या घरच्या त्या मानाविषयी लिहिताना मी हे पाहिलंच नव्हतं की पोळ्याच्या त्या तोरणाखाली काही घरांची जोडी कधी शेवटूनसुद्धा धरली जात नव्हती. पाळी ठरली तेव्हा त्यांचीही पाळी ठरली होती. बाबांचा राग कशाचा होता, ते मला आज नव्यानं समजतं आहे.

पवनीकडून

वर आज्याविषयी वाचलं. आम्ही त्या दुसऱ्या बाजूचे. मालगुजारी १९५१ ला गेली, वाडा राहिला. गावातला तलाव आता माजी मालगुजारी तलाव, मामा तलाव म्हणून सरकारी कागदात आहे. वाड्यासमोरून जाताना लोकांनी पायातलं काढून हातात घ्यायचं, असा आजोबांच्या काळचा दंडक. मी जन्मलो तोवर तो केव्हाच संपला होता. पण गाव वाड्यासमोरून जातच नव्हतं. मागच्या गल्लीनं वळसा घालून, चिखलातून, पण मागूनच. रोवणीच्या दिवसांत बाया गाणी म्हणत बांधीवर जायच्या, ती गाणी मला वाड्याच्या मागच्या भिंतीतून ऐकू यायची.

मी त्या मोठ्या अंगणात एकटा विटीदांडू खेळायचो. विटी मीच कोलायची आणि मीच आणायला जायचं. माझा काही गुन्हा नव्हता. पण ज्यांच्या पायातलं काढायला लावलं त्यांचाही नव्हता, हे मला कळायला चाळिशी उजाडली.

गोंदिया जिल्ह्यातून, आरोग्य उपकेंद्रात काम करते

दोन माणसांचं सांगते.

एक निवृत्त कर्मचारी गावी येऊन राहिले. रस्त्यात कोणी नमस्कार केला तर उत्तर नाही, हाक मारली तर वळून पाहत नाहीत. महिन्याभरात गावानं ठरवलं, साहेबाला घमेंड आहे. मीही तेच धरून चालले होते. एकदा त्यांच्या घरी गेले, चुलीवर दूध उतू जाऊन चरचरत होतं आणि ते पाठ करून शांत बसलेले. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा दचकले. त्यांना ऐकूच येत नव्हतं, आणि सांगायची लाज वाटत होती. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी झाली, कानाला यंत्र लागलं. आता पारावर पत्ते खेळतात. तेव्हा ताठ्याचा शिक्का मारण्याआधी एकदा माणसाच्या समोर जाऊन उभं राहा, ही विनंती.

दुसरे खरोखरच ताठ्याचे. मुलांशी पटलं नाही, सुनेला घालूनपाडून बोलले, शेजाऱ्याशी बोलणं नाही. ते रोज सकाळी बीपी मोजायला येतात. रोज मोजायची त्यांना गरज नाही, मी तसं सांगितलंही. तरी येतात, बाही वर सारून हात टेबलावर ठेवतात. पट्टा आवळला की डोळे मिटतात. आकडा काय आला हे कधी विचारत नाहीत. मी आता सांगायचं सोडलं आहे, आणि पट्टा सोडवायची घाईही करत नाही. दिवसभरात त्यांना हात लावणारं माणूस बहुधा मी एकटीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात आहे की जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणा छळतो. वाचलं तेव्हा मला तो टेबलावर ठेवलेला हात आठवला. ज्यांना घरात बोलता येत नाही त्यांच्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलतात. मी त्यांना तो एका चिठ्ठीवर मोठ्या आकड्यांत लिहून दिला. त्यांनी चिठ्ठी खिशात ठेवली आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा बीपी मोजायला आले.

धागा सुरू करणाऱ्या भाऊंना सांगावंसं वाटतं: तुमचे बाबा खाकरतात ना, ती हाकच आहे. गावातल्या एखाद्याला सांगून ठेवा, दोन मिनिटं थांबत जा म्हणून.

बुलढाण्याची, पुन्हा एकदा

काल रात्री हे सगळं वाचून आईला फोन लावला. म्हटलं, "माय, काऊन बोलत नाई वं तू माह्याशी?" इतक्या वर्षांनी ते शब्द तोंडात नीट बसत नव्हते. आई बराच वेळ गप्प होती, मागं म्हशीच्या गळ्यातली घंटी वाजत होती. मग म्हणाली, "तुझी तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, बरी हाय. तिनं म्हशीचं सांगितलं, भावाच्या पोराचं सांगितलं, या वर्षी सोयाबीन पिवळं पडलं ते सांगितलं. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील.

फोन ठेवताना मात्र "ठेवते"च म्हणाली.