जुना गेमपॅड विंडोजला दिसतो, गेमला दिसत नाही

जुनापॅड:
माझा जुना यूएसबी गेमपॅड कंट्रोल पॅनेलच्या टेस्टमध्ये व्यवस्थित चालतो. सगळी बटणं उजळतात, दोन्ही स्टिक फिरतात. नव्या गेमला मात्र तो दिसतच नाही. या पॅडवर माझा हात बसलाय, डी-पॅड (दिशांची बटणं) अजून कडक आहे, त्यामुळे दुसरा घ्यायचा नाही. एम्युलेटरने, म्हणजे एका पॅडला दुसऱ्या पॅडचं सोंग देणाऱ्या सॉफ्टवेअरने, काम होईल का?

डीपॅडप्रेमी:
होईल, आणि असा पॅड टाकूच नका! तो डायरेक्टइनपुटवाला, म्हणजे गेमशी बोलायच्या विंडोजच्या जुन्या पद्धतीचा आहे. त्यात बटणांना नुसते क्रमांक असतात, त्यातलं ‘ए’ कुठलं हे गेमला कळत नाही. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला, त्याच्यासोबत एक्सइनपुट ही नवी पद्धत आली आणि पुढचे बरेच गेम तेवढंच ओळखू लागले. एक्स३६०सीई हे एम्युलेटर सॉफ्टवेअर पॅड आणि गेमच्या मध्ये बसून तुमचा पॅड ३६०चा म्हणून पुढे करतं.

त्याची ३ री आवृत्ती गेम सुरू करणाऱ्या ईएक्सई फाईलशेजारी ठेवायची, ती तिथेच एक्सइनपुटची डीएलएल (गेम वापरतो ती मदतनीस फाईल) बनवते. गेम ६४ बिट असेल तर एक्स३६०सीईसुद्धा ६४ बिटच हवं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. ४ थी आवृत्ती व्हायजेम ड्रायव्हरने आभासी पॅड तयार करते, त्यामुळे गेमच्या फोल्डरला हात लावावा लागत नाही.

रात्रपाळी:
गेम स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातला असेल तर आधी त्यातली पॅड जुळवणारी स्टीम इनपुट सोय चालू करून बघा, वेगळं काही टाकावंच लागणार नाही. आणि ऑनलाइन गेमच्या फोल्डरमध्ये अशी डीएलएल ठेवू नका. अँटी-चीट (खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) तिच्यावर आक्षेप घेऊ शकतं.

जुनापॅड:
स्टीमवर नाही. ४ थी आवृत्ती टाकली, पॅड चालला! खूप आनंद झाला. फक्त मेनूत एकदा खाली दाबलं की दोन ओळी उतरतात.

डीपॅडप्रेमी:
गेमला खरा आणि आभासी असे दोन्ही पॅड दिसताहेत. हिडहाइड हे पॅड लपवणारं सॉफ्टवेअर टाकून खरा लपवा, पण त्याच्या परवानगीच्या यादीत एक्स३६०सीई आठवणीने घाला, नाहीतर त्यालाही पॅड दिसणार नाही.

अजून एक, रेसिंग खेळत असाल तर. बहुतेक जुन्या पॅडची एल२-आर२ (पुढच्या कडेची, तर्जनीने दाबायची) साधी बटणं असतात, दाबलं की थेट पूर्ण गॅस. मी गॅस आणि ब्रेक उजव्या स्टिकच्या वर-खालीवर लावतो. कॅमेरा फिरवता येत नाही, पण वळणावर हवा तेवढाच गॅस देता येतो.