'मीटर्स' या बँडमागील वादक कोण होते, आणि त्यांचा ठेका मिरवणुकीतून आला आहे का?

बोरीकाठ, अमळनेर

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातील एका बँडमध्ये साईड ड्रम वाजवतो. लग्नसराईतील वराती आणि श्रावणात आमच्या खानदेशातील कानबाई या देवीच्या विसर्जनाच्या मिरवणुका हे आमचे मुख्य काम आहे. आमच्याकडे कॅसिओ वाजवणारा मुलगा जुने परदेशी संगीत आवडीने ऐकतो. त्याच्यामुळे अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरातील 'मीटर्स' या बँडची 'सिसी स्ट्रट' ही १९६९ सालची रचना माझ्या ऐकण्यात आली. तिच्यात गायन नाही आणि पितळी वाद्ये नाहीत. गिटार, बेस गिटार, ऑर्गन आणि ड्रम एवढ्याच वाद्यांवर ती उभी आहे, आणि तरीही तिची चाल रस्त्यावरून जाणाऱ्या मिरवणुकीची आहे असे मला पहिल्यापासून वाटत आले आहे.

हे वादक कोण होते, ते एकत्र कसे आले आणि इतके चांगले वाजवूनही त्यांची नावे आपल्याकडे कोणाला का ठाऊक नाहीत, हे मला समजून घ्यायचे आहे. त्याचप्रमाणे या रचनेतील ड्रम खरोखर एकाच माणसाने वाजवला आहे का, याविषयी जाणकारांनी लिहावे. बेस ड्रम एक जण आणि स्नेअर, म्हणजे आमचा साईड ड्रम, दुसरा जण वाजवत असावा असे माझ्या कानांना वाटते, कारण आमच्या बँडमध्ये हे काम दोघांचे असते.

पांझरा, धुळे

आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण या बँडविषयी मराठीत जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही.

मीटर्सचे मूळ वादक चार. ऑर्गनवर आर्ट नेव्हिल, गिटारवर लिओ नोसेंटेली, बेस गिटारवर जॉर्ज पोर्टर ज्युनिअर आणि ड्रमवर जोसेफ मोडेलिस्ट, ज्यांना सगळे जग 'झिगाबू' या नावाने ओळखते. चौघेही न्यू ऑर्लिन्सचे. त्यांच्यात आर्ट नेव्हिल वयाने आणि अनुभवाने मोठे होते. १९५४ मध्ये, किशोरवयातच, त्यांनी हॉकेट्स या बँडबरोबर 'मार्डी ग्रा मॅम्बो' हे गाणे गायले होते आणि त्यांच्या शहरात ते गाणे आजही मार्डी ग्रा या तेथील उत्सवाच्या दिवसांत वाजते. १९६५ च्या सुमारास त्यांनी नवा संच बांधला. त्यात सुरुवातीला त्यांचे भाऊ एरन आणि सिरिल हे गायकही होते. पण बर्बन स्ट्रीटवरील आयव्हनहो या क्लबमध्ये काम मिळाले तेव्हा तेथे लहान संचच हवा होता, म्हणून चौघेच उरले. गायकांवाचून आणि पितळी वाद्यांवाचून रात्रभर लोकांना नाचवत ठेवायचे, ही अट त्यांच्यावर परिस्थितीने लादली आणि माझ्या मते त्यांची शैली त्या अटीतून घडली.

पुढे संगीतकार आणि निर्माते अॅलन टूसाँ यांनी त्यांना ऐकले. टूसाँ आणि मार्शल सिहॉर्न यांची 'सान्सू' ही निर्मितीसंस्था होती आणि तिच्या रेकॉर्डिंगसाठी हे चौघे घरचे वादक झाले. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. रेकॉर्डच्या वेष्टनावर ठळक नाव गायकाचे छापले जाई, आणि मागे वाजवणाऱ्यांचा उल्लेख झालाच तर बारीक अक्षरांत होई. ली डॉर्सी यांच्या त्या काळातील रेकॉर्डमागे मीटर्स आहेत. डॉ. जॉन यांचे १९७३ चे 'राइट प्लेस राँग टाइम' हे गाणे अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचले, तेही मीटर्सच्याच साथीने. लाबेल या तिघींच्या संचाचे १९७४ चे 'लेडी मार्मलेड' न्यू ऑर्लिन्समध्येच ध्वनिमुद्रित झाले आणि पुढच्या वर्षी त्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यातही मीटर्सपैकी काही जण वाजवत होते, मात्र ड्रमवर झिगाबू नव्हते, हर्मन अर्नेस्ट होते.

त्यांचे स्वतःचे नाव झाले ते 'सोफिस्टिकेटेड सिसी' आणि 'सिसी स्ट्रट' या १९६९ च्या वाद्यरचनांमुळे. 'सिसी स्ट्रट' ही कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या 'आर अँड बी' यादीत चौथ्या आणि सर्वसाधारण यादीत तेविसाव्या क्रमांकापर्यंत गेली. गायन नसलेल्या रचनेला असे स्थान मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. या रचनेवर चौघांचीही नावे रचनाकार म्हणून आहेत आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते, कारण बांधणीत कोणाचा वाटा किती, हे ऐकून वेगळे काढताच येत नाही. १९७५ मध्ये त्यांनी रोलिंग स्टोन्स या प्रसिद्ध ब्रिटिश रॉक बँडच्या दौऱ्यात मुख्य कार्यक्रमाआधी वादन केले, त्याच सुमारास सिरिल नेव्हिल तालवादक आणि गायक म्हणून बँडमध्ये आले, आणि १९७७ मध्ये मूळ संच विखुरला. ग्रॅमीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना २०१८ मध्ये मिळाला. आर्ट नेव्हिल २०१९ मध्ये गेले.

गिरणा, जळगाव

ड्रमविषयी मी लिहितो. आपल्या कानांना दोन माणसे ऐकू येतात यामागे कारण आहे. वाजवणारा एकच आहे, पण तो जे वाजवतो ते मुळात दोघांचे काम होते.

न्यू ऑर्लिन्समध्ये अंत्ययात्रेत, सणांत आणि वस्तीतील मंडळांच्या मिरवणुकांत पितळी वाद्यांचे बँड रस्त्यावरून चालतात. पुढे बँड आणि मंडळाचे सभासद असतात. त्यांच्या मागे छत्र्या आणि रुमाल नाचवत जो जमाव चालतो त्याला 'सेकंड लाइन' म्हणतात, आणि त्या चालीच्या ठेक्यालाही तेच नाव पडले आहे. या बँडमध्ये एक जण गळ्यात बेस ड्रम अडकवतो आणि त्याच्यावर बसवलेली छोटी झांज दुसऱ्या हाताने तारेच्या तुकड्याने वाजवतो. स्नेअर दुसऱ्याकडे असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी पायाने वाजवण्याचे पेडल रूढ झाल्यावर ही दोन्ही वाद्ये एका बैठकीत आली आणि त्या शहरातील ड्रमवादकांनी रस्त्यावरचे दोघांचे बोलणे एकट्याने वाजवायला सुरुवात केली. अर्ल पामर, चार्ल्स 'हंग्री' विल्यम्स आणि स्मोकी जॉन्सन ही त्या परंपरेतील मोठी नावे आहेत. झिगाबू त्यांच्यानंतरच्या पिढीचे असून स्मोकी जॉन्सन यांचा प्रभाव त्यांच्या वादनात उघड ऐकू येतो.

आता प्रत्यक्ष ठेका. चार ठोक्यांचे एक आवर्तन धरा आणि त्याच्या आठ मात्रा करा. पहिली, चौथी आणि सातवी मात्रा वाजवली की तीन-तीन-दोन अशी विभागणी होते. हा आफ्रिकेतून आणि कॅरिबियन बेटांतून आलेला सांगाडा त्या शहराच्या बहुतेक सर्व संगीताच्या तळाशी आहे. अशी दोन आवर्तने घेतली, तर रस्त्यावरचा बेस ड्रमवाला दुसऱ्या आवर्तनातील सातव्या मात्रेवर, म्हणजे चौथ्या ठोक्यावर, सर्वांत जोरदार घाव घालतो. आपल्याकडे वजन समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर, येते. तेथे ते समेच्या आधीच्या ठोक्यावर येते आणि सम जवळजवळ मोकळी सुटते. त्यामुळे ऐकणाऱ्याचे अंग पुढे ओढले जाते आणि चालणे आपोआप नाचण्यात बदलते.

झिगाबू यांनी यात दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे उजवा-डावा हात मिळून जी अखंड मात्रांची माळ साईड ड्रमवर वाजते, ती त्यांनी हाय-हॅट (पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी) आणि स्नेअर यांच्यात वाटून टाकली. एक ठोका झांजेवर, दुसरा स्नेअरवर, मध्ये काही इतके हलके की ते जाणवतात पण मोजता येत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. त्यांच्या मात्रा पूर्ण चतुश्र जातीच्या (ठोक्याचे चार समान भाग) नाहीत आणि पूर्ण तिश्र जातीच्याही (तीन समान भाग) नाहीत; त्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी झुलतात. 'सिसी स्ट्रट' संथ लयीत आहे, त्यामुळे हा झोका तिच्यात स्पष्ट ऐकता येतो. स्वरलिपी किंवा बोल लिहून तो शिकवता येत नाही. मांडीवर हात ठेवून रेकॉर्डबरोबर वाजवत राहणे हाच त्याचा रियाज आहे.

गोमाई, शहादा

वरील माहिती बरोबर आहे, तरीही चर्चा ड्रमवरच थांबली तर उरलेल्या तिघांवर अन्याय होईल असे मला वाटते. मिरवणुकीचा वारसा त्या शहरातील प्रत्येक ड्रमवादकाला लाभला होता; मीटर्स मात्र एकच झाले.

जॉर्ज पोर्टर यांचा बेस नीट ऐकावा. त्यांचे स्वर मोजकेच असतात, पण प्रत्येक स्वर कधी थांबवायचा हे त्यांनी ठरवलेले असते. 'सिसी स्ट्रट'च्या मुख्य ओळीत बेस आणि गिटार हे एकच सुरावट खालच्या आणि वरच्या पट्टीत वाजवतात. ती सुरावट संपते तेथे ते दोघेही गप्प बसतात, आणि त्या मोकळ्या जागेत ड्रमचा एक लहानसा तुकडा येऊन जातो. ती जागा त्यांनी स्वरांनी भरली असती तर झिगाबू यांचे कौशल्य आपल्यापर्यंत पोहोचलेच नसते. लिओ नोसेंटेली यांचा कान जॅझवर तयार झालेला होता, त्यांना वेगवान ताना सहज घेता आल्या असत्या; तरीही रचनेचा बहुतेक भाग ते तारा दाबून, तुटक आवाजात, तालवाद्यासारखी गिटार वाजवतात. आर्ट नेव्हिल तर बँडचे प्रमुख असून ऑर्गनवर बराच वेळ एखादा लांब स्वर धरून मागे उभे राहतात. प्रमुखानेच मागे राहायचे ठरवल्यामुळे इतरांनाही पुढे घुसण्याची घाई उरली नाही, असे माझे मत आहे.

आपल्या बँडच्या गाड्यांवर आता मोठमोठे स्पीकर, ऑक्टोपॅड आणि कॅसिओ आले आहेत. सर्व वाद्ये सर्व वेळ पूर्ण जोरात वाजतात आणि मग अहिराणी गाण्याचा सुंदर मुखडाही त्या गदारोळात सापडत नाही. चार माणसांनी एकमेकांसाठी जागा कशी सोडावी, हे मीटर्सकडून शिकण्यासारखे आहे आणि त्यासाठी नवे वाद्य विकत घ्यावे लागत नाही.

बोरीकाठ, अमळनेर

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. समेच्या आधीच्या ठोक्यावर वजन येते, हे वाचून मी रचना पुन्हा लावली आणि आतापर्यंत जे अंगाला कळत होते ते डोक्याला समजले.

माझा पुढचा प्रश्न व्यवहाराचा आहे. आमच्याकडे बेस ड्रमवर एक ज्येष्ठ वादक आहेत आणि साईड ड्रमवर मी. मूळ परंपरेतही काम दोघांचेच होते, मग आम्ही दोघांनी हा ठेका बसवायचा प्रयत्न केला तर सुरुवात कोठून करावी? आमचे बहुतेक वादन केरव्याच्या अंगाने असते, आणि दादांच्या हातात समेवरचा ठोका इतका पक्का बसला आहे की तो सोडा असे त्यांना सांगणे मला जड जाईल.

गिरणा, जळगाव

त्यांना सम सोडायला सांगूच नका. समेवरचा ठोका राहू द्या, फक्त तो थोडा हलका करून दुसऱ्या आवर्तनाच्या चौथ्या ठोक्यावर मोठा घाव द्यायची विनंती करा. आरंभी दोघांनी वाद्याविना, टाळ्या देत आणि तोंडाने 'एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन' असे मोजत, जागच्या जागी पावले टाकावीत. पाऊल चार ठोक्यांवर आणि टाळी तीन-तीन-दोनवर. हे सहज जमू लागले की मगच ड्रम गळ्यात घ्यावा.

आपण साईड ड्रमवर चौपट मात्रा अखंड पण अगदी हलक्या ठेवा, काठी कातड्यापासून फार उंच उचलू नका, आणि फक्त तीन-तीन-दोनच्या जागा ठळक करा. बेस ड्रमच्या मोठ्या घावाच्या वेळी आपला हात मुद्दाम हलका ठेवा. दोघेही त्याच जागी जोर लावू लागले की झोका नाहीसा होतो आणि नुसता कवायतीचा ताल उरतो. लय संथ ठेवा. वरातीत मुले लय वाढवायला लावतात, त्यामुळे तालमीतच संथ लयीत हात बसवून घेणे इष्ट.

पांझरा, धुळे

ऐकण्याविषयी एक सूचना. 'सिसी स्ट्रट'नंतर 'रिजुव्हेनेशन' या १९७४ च्या संग्रहातील 'हे पॉकी अवे' ऐकावे. त्यात गायन आहे, पितळी वाद्ये आहेत आणि रस्त्यावरची चाल सर्वांत उघडपणे ऐकू येते. नंतर १९७६ चा 'द वाइल्ड चॉपिटूलस' हा संग्रह अवश्य ऐकावा. मार्डी ग्राच्या दिवशी पिसांचे भव्य पोशाख घालून निघणाऱ्या कृष्णवर्णीय मंडळांपैकी एका मंडळाचे प्रमुख जॉर्ज लँड्री हे नेव्हिल भावंडांचे मामा होते, आणि त्यांच्या मंडळाची गाणी मीटर्सच्या साथीने आणि चारही नेव्हिल भावांच्या आवाजात त्यात ध्वनिमुद्रित झाली आहेत. एकाने म्हणायचे आणि सर्वांनी झेलायचे, अशी त्या गाण्यांची रीत आहे; आपल्या कानबाईच्या गाण्यांची सवय असलेल्या कानांना ती परकी वाटणार नाही. आपल्या ज्येष्ठ बेस ड्रमवादकांना आधी हाच संग्रह ऐकवावा, 'सिसी स्ट्रट' नंतर.